नावे कुठे कोरली आहेत, ते आधी पाहावे

प्रश्न : गेल्या वर्षभरात मी शाळेतील मुलांना खडकीची युद्ध दफनभूमी आणि दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक दाखवून आणले. एका ठिकाणी सारख्या शिळांच्या ओळी, तर दुसरीकडे वर्तुळात वर्तुळे. रचनेतील हा फरक मुलांना कसा समजावून सांगावा?
— एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : स्मारकाची उंची आणि कमानी थोड्या बाजूला ठेवून, हुतात्म्यांची नावे कुठे व कशी कोरली आहेत हे मुलांना आधी पाहू द्यावे, उभारणाऱ्यांचा हेतू मला तरी तिथेच अधिक स्पष्ट दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने हुद्दा कोणताही असो, शिळा सर्वांना सारखीच, असे तत्त्व ठरवले. त्यामुळे खडकीत अधिकारी आणि शिपाई लांबून वेगळे ओळखू येत नाहीत. वाकून पाहिल्यावर पलटणीचे चिन्ह दिसते आणि काही शिळांच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळही सापडते. ती ओळ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

वास्तुविशारद लुट्येन्स यांच्या 1931 मधील इंडिया गेटवर मात्र बरीच नावे इतक्या उंचावर आहेत की ती खालून वाचता येत नाहीत. 42 मीटरची ती कमान माणसाला मान वर करायला लावते. तिच्याच परिसरात 2019 मध्ये पूर्ण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची रचना योगेश चंद्रहासन यांची. तिथे त्यागचक्र नावाच्या वर्तुळाच्या भिंती चक्रव्यूहासारख्या मांडल्या असून, 25,000 हून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटच्या स्वतंत्र फलकांवर कोरलेली आहेत. या भिंतींच्या कडेने चालत गेल्याशिवाय ते स्मारक पाहून होतच नाही.

पण आपण नाशिकच्या आहात, तेव्हा पुढची सहल वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, पाहण्यासाठी काढावी, असा माझा आग्रह आहे. आपल्या जिल्ह्यात अनेक गावांच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात हे दगड उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : सर्वांत खाली लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्याशी चंद्रसूर्य. तळाशी गायी कोरलेल्या असतील, तर तो गोधन सोडवताना पडला, असे समजावे. बहुतेक वीरगळांवर नाव नसते, आणि तरीही गावाने शतकानुशतके तो दगड जपलेला असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोरीवकाम झिजलेले असल्यामुळे भर दुपारी काहीच दिसत नाही. सकाळी आठच्या आत, ऊन तिरपे असताना जावे; त्या वेळी ढालीची कडाही उठून दिसते. शेंदराचा थर असेल तर तो खरवडू नये. गावातील एखाद्या वडीलधाऱ्यांना हा दगड कोणाचा, एवढे मुलांनीच विचारावे.