नाइकी, आदिदास की अंडर आर्मर? भारतातून शेअर घ्यायचा तर कोणाचा?

तुम्ही विचारलंय की खेळाच्या बुटांच्या धंद्यावर तुमचा विश्वास आहे, अमेरिकी बाजारात थोडे पैसे घालायचे ठरवलेत आणि या तिघांतून एकच कंपनी निवडायची आहे. तिघांची विक्री वाढीची टक्केवारीही तुम्ही मांडली आहे.

अंडर आर्मर आधी यादीतून काढा. का ते सांगायला मला आमच्या दुकानात जावं लागेल. हा विषय बरीच वर्षं माझ्या डोक्यात आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

सांगलीत आमचं बुटांचं दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी सुरू केलं, आता मी बसतो. स्पोर्ट्स शूज हाच मुख्य माल. जूनमध्ये शाळा, मग दसरा-दिवाळी, मग लग्नसराई, यातच वर्षाचा धंदा होतो. मार्चमध्ये गिऱ्हाईक नसतं. परीक्षा असतात, ऊन असतं, पालक खर्च पुढे ढकलतात. तरी कंपन्यांचा माल सगळ्यात जास्त येतो तो मार्चमध्येच. दुकानात एक वर्ष काढलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. शेअर घेणाऱ्याला मात्र सांगावं लागतं, कारण त्याला फक्त तिमाहीचा आकडा दिसतो.

मी नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो. एका लिस्टेड कंपनीचा एरिया मॅनेजर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. कंपनीचं नाव घेत नाही, आता तिथली माणसंही बदललीत.

"अण्णा, दोनशे जोड जास्तीचे टाकतो. पेमेंट जूनमध्ये द्या. नाही खपले तर मीच उचलून नेतो."

"अरे, जानेवारीचा माल अजून वर पडलाय."

"तो राहू दे. मला फक्त बिल फाडू द्या अण्णा, नाहीतर यंदाचं टार्गेट चुकेल आणि माझं काही खरं नाही."

पोरगा चांगला होता, घरी म्हातारे आईवडील. अण्णा हो म्हणाले. 31 मार्चच्या संध्याकाळी टेम्पो आला. माळा भरला, जिन्याच्या पायऱ्यांवर एका बाजूने खोकी लागली, वर जायला आडवं होऊन जावं लागायचं. परत द्यायचा माल वेगळा ओळखू यावा म्हणून अण्णांनी प्रत्येक खोक्याच्या कडेला बॉलपेनने 31/3 लिहिलं. एप्रिलमध्ये त्या मॅनेजरची बदली झाली. नवीन आलेल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "लेखी काही आहे का?"

काहीच नव्हतं. पत्र्याखाली तो माल दोन उन्हाळे राहिला. पांढरे सोल पिवळे पडले. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल तर बूट न वापरताही खराब होतो. हवेतला ओलावा खातो आणि एक दिवस बोटाने दाबला की भुगा हातात येतो. 8 आणि 9 नंबर अण्णांनी निम्म्या किमतीत काढले. 6 आणि 11 तसेच राहिले, कारण एकदा सेट तुटला की उरलेल्या नंबरांना गिऱ्हाईक मिळत नाही. क्रेडिट नोट, म्हणजे आमच्या हिशोबातून तेवढे पैसे वजा केल्याची चिठ्ठी, आली ती पुढच्या दिवाळीनंतर, आणि तीही पूर्ण रकमेची नव्हती.

माल आला त्याच वर्षी मे महिन्यात माझा चुलतभाऊ पुण्याहून मुलांना घेऊन आला होता. वयाने मोठा, फायनान्समध्ये नोकरी, घरात सगळे त्याला दादा म्हणतात आणि पैशाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानतात. जेवताना म्हणाला, मी या कंपनीचे शेअर घेतलेत, मार्च तिमाहीत विक्री जोरात वाढलीय. मी म्हटलं, "दादा, ती विक्री आमच्या माळ्यावर आहे. जेवण झालं की दाखवतो."

तो वर आला नाही. म्हणाला, "तू एका दुकानाचं बघतोस, मी अख्ख्या कंपनीचं बघतो. तुझ्या दोनशे जोडांनी बॅलन्सशीट हलत नाही." सगळे हसले. अण्णा ताटात बघत राहिले.

दोनशे जोड फक्त आमच्याकडे असते तर दादाचं बरोबर होतं. पण मिरज, इचलकरंजी, कराड, माझ्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात त्या आठवड्यात तोच प्रकार झाला होता. कंपनीने डिस्ट्रिब्यूटरला आणि दुकानदाराला बिल फाडलं की तिच्या खात्यात विक्री लागते. गिऱ्हाईकाने बूट घातला का, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. आमच्या धंद्यात प्रायमरी, म्हणजे कंपनीने पुढे बिल फाडून केलेली विक्री, आणि सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरने दुकानदाराला केलेली विक्री, वेगळी धरतात, आणि काउंटरवरून गेलेला जोड त्याहून वेगळा. निकालात छापून येते ती प्रायमरी.

आता अंडर आर्मर. 1996 मध्ये केव्हिन प्लँकने काढलेली, 2005 मध्ये बाजारात आलेली कंपनी. सलग 26 तिमाह्या तिने 20 टक्क्यांहून जास्त वाढ दाखवली आणि बाजार तिला दुसरी नाइकी म्हणू लागला. 2015 चा हिवाळा अमेरिकेत उबदार गेला, थंडीचे महागडे कपडे खपेनात. मग कंपनीने काय केलं? दुकानांनी पुढच्या तिमाहीसाठी मागितलेला माल आधीच पाठवून चालू तिमाहीत बिल फाडलं. लागोपाठ सहा तिमाह्या, एकूण 40.8 कोटी डॉलरच्या ऑर्डरी. मे 2021 मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ठपका ठेवला की हे गुंतवणूकदारांपासून लपवलं. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने 90 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. 2024 मध्ये भागधारकांचा खटला मिटवायला 43.4 कोटी डॉलर कबूल केले. दरम्यान 2016 मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ही दुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत गेली आणि 2017 च्या सुरुवातीला आकडे आले तेव्हा ती 26 तिमाह्यांची माळ तुटली होती.

सांगलीच्या माळ्यावर जे झालं तेच बाल्टिमोरच्या अंडर आर्मरने मोठ्या आकड्यांत केलं. ती बातमी मी दादाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "ही अमेरिकन केस आहे." मी पुढे वाद घातला नाही, पण मला ते पटलेलं नाही आणि आजही पटत नाही.

म्हणून तुमच्या विक्री वाढीच्या टक्केवारीवर मी निर्णय घेणार नाही. बुटांच्या कंपनीत मी पहिल्यांदा मालसाठा बघतो, मग उधारी म्हणजे दुकानदारांकडून यायची येणी, आणि विक्री शेवटी. साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का? येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढतायत का? नफा दिसतोय पण धंद्यातून रोकड येत नाहीये का? तिन्हींची उत्तरं हो आली तर जाहिरातीत कोणता खेळाडू आहे याला काही अर्थ उरत नाही.

नाइकीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2022 ला संपलेल्या तिमाहीत विक्री 4 टक्क्यांनी वाढली होती आणि साठा 44 टक्क्यांनी, 970 कोटी डॉलरपर्यंत. उत्तर अमेरिकेत साठ्याची वाढ 65 टक्के. समुद्रात अडकलेली जहाजं एकदम बंदराला लागली, हे कारण खरं होतं. पण कारण खरं असलं तरी बूट खपवावेच लागतात, म्हणजे सूट द्यावी लागते, आणि सवलतीची सवय लागलेलं गिऱ्हाईक पूर्ण किमतीला परत येत नाही. निकालानंतर एका दिवसात शेअर सुमारे 13 टक्के पडला.

नाइकीचं मोठं नुकसान मात्र साठ्याच्याही आधी सुरू झालं होतं. 2017 पासून कंपनीने दुकानदार कमी करून स्वतःचं ॲप आणि स्वतःची शोरूम यांवर भर दिला. कागदावर हे छान दिसतं, दुकानदाराचा नफा आपल्याला. पण दुकानातली भिंत रिकामी राहत नाही. नाइकीने सोडलेल्या फळ्यांवर होका आणि ऑन हे धावण्याच्या बुटांचे ब्रँड आले, आणि धावणाऱ्यांनी ते पायात घालून बघितले. बूट हा पायात घालून बघायचाच माल आहे. रुंद पंजाच्या माणसाला अर्धा नंबर वाढवून द्यायचा की दुसरा साचा द्यायचा, हे काउंटरवरचा माणूस सांगतो. 28 जून 2024 ला शेअर एका दिवसात 20 टक्के कोसळला, कंपनी 1980 मध्ये बाजारात आल्यापासूनची सर्वात मोठी पडझड. ऑक्टोबर 2024 मध्ये एलियट हिल प्रमुख झाले. 1988 मध्ये इंटर्न म्हणून लागलेला हा माणूस. त्यांनी आल्यावर दुकानदारांशी संबंध पुन्हा जोडायला घेतले आणि एअर फोर्स 1, डंक या तिच्याच जुन्या मॉडेलांचा बाजारात झालेला अतिरेक कमी केला. त्याची किंमत आकड्यांत दिसतेच: मे 2025 ला संपलेल्या वर्षात विक्री 10 टक्क्यांनी घटून 4,630 कोटी डॉलर, नफा 44 टक्क्यांनी कमी. दादासारखा माणूस हे आकडे बघून पळून जाईल. तुंबलेला माल मुद्दाम कमी केल्यामुळे घटलेली विक्री मला तुंबवून वाढवलेल्या विक्रीपेक्षा कधीही चालेल.

आदिदासचं थोडक्यात सांगतो. रॅपर कान्ये वेस्टसोबतचा यीझी बुटांचा करार ऑक्टोबर 2022 मध्ये तुटला आणि प्रचंड माल गोदामात उरला. जानेवारी 2023 मध्ये प्यूमा सोडून प्रमुख म्हणून आलेल्या ब्योर्न गुल्डेननी तो माल एकदम जाळला नाही की फुंकला नाही, टप्प्याटप्प्याने विकला, काही रक्कम दान केली. 2023 ला तीस वर्षांहून अधिक काळात पहिल्यांदा निव्वळ तोटा झाला. मग सांबा आणि गझेल ही आदिदासची जुनी मॉडेलं चालली, 2024 मध्ये विक्री 2,370 कोटी युरोवर गेली आणि कार्यकारी नफा 130 कोटींच्या वर. गुल्डेन यांचा माणूस म्हणून मला आदर वाटतो. पण सांबा ही फॅशन आहे आणि फॅशनचा बूट ज्या वेगाने जातो त्याच वेगाने पडून राहतो.

तर दोघांतून मी नाइकी घेईन, तीही एकदम नाही, तिमाहीचा साठा बघत बघत. एक कारण वर दिलं. दुसरं अगदी साधं आहे: आदिदास फ्रँकफर्टला लिस्टेड आहे, अमेरिकेत तिचे डिपॉझिटरी रिसीट, म्हणजे परदेशी शेअरच्या बदल्यात चालणाऱ्या पावत्या, मुख्य एक्स्चेंजच्या बाहेर, ओव्हर द काउंटर चालतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक ॲपवर ते मिळत नाहीत.

भारतीय संघाच्या जर्सीवर 2023 पासून तीन पट्टे आहेत म्हणून आदिदास घ्यावा, असं दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्याआधी 2020 पर्यंत तिथे नाइकी होती. या दोन्ही कंपन्यांच्या एकूण विक्रीत भारताचा वाटा लहान आहे, जर्सीवरून जगभरचा धंदा मोजता येत नाही.

आणि डॉलरच्या भानगडीत पडायचंच नसेल तर इथेही तोच हिशोब लावा. कॅम्पस ॲक्टिव्हवेअर ही आपल्याकडची स्पोर्ट्स शूजची कंपनी 2022 मध्ये 292 रुपयांना बाजारात आली, वर गेली, आणि 2024 च्या सुरुवातीला इश्यूच्या किमतीखालीही गेली होती. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या बुटांवर जीएसटी 5 टक्के झाला, त्याचा फायदा अशा कंपन्यांना होतो, आमच्या काउंटरवरही ते जाणवलं. मेट्रो ब्रँड्सने 2022 मध्ये फिला या स्पोर्ट्स ब्रँडचा भारतातला धंदा घेतला आणि नंतर बराच काळ जुना साठा काढण्यात घालवला. मेट्रोने ते लपवलं नाही, दर तिमाहीला सांगत राहिली. मला मेट्रो आवडते ती त्यामुळे, आणि ती मुळात दुकानदाराची कंपनी आहे म्हणून. माझ्याकडे तिचे थोडे शेअर आहेत, हे लक्षात ठेवूनच माझं मत वाचा.

काही गोष्टी राहिल्या. मी दुकानदार आहे, सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. साठा वाढणं दर वेळी वाईट नसतं. हंगामाच्या आधी किंवा नवीन दुकानं उघडताना तो वाढतोच, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करा. नाइकीचे जवळपास निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनतात, त्यामुळे अमेरिकेने आयातकर वाढवला की नफ्याला थेट कात्री लागते, आणि चीनमधली विक्रीही अशक्त आहे. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या पुढे 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो, तो रिटर्न भरताना समायोजित होतो पण तोवर पैसे अडकतात. डिव्हिडंडवर अमेरिकेत 25 टक्के कर आधीच कापून येतो. आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका, एक शेअर असला तरी.