पुण्याच्या आसपास लांडगे वस्तीजवळ दिसतात. स्थानिक लोक घाबरतात का?

सासवड, दौंड, इंदापूरकडच्या माळावर लांडगा परत आला म्हणणं तसं चूक; तो तिथलाच, प्लॉटिंगवाले नंतर आले. धनगर त्याला शिव्या घालतात, पण सहसा जिवावर उठत नाहीत. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, भोवती कुत्री, तरी एखादं कोकरू जातंच. खरा राग भरपाईवर असतो. पंचनामा होईस्तोवर मेलेलं मेंढरू जागेवर ठेवायचं, आणि कळप तर पुढे न्यायचाय! मग कोण थांबतं? घाबरतात ते बहुधा फार्महाऊसवाले. मला विचाराल तर लांडग्याला जास्त धोका भटक्या कुत्र्यांचा आहे: रोग पसरतात, संकरही होतो. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधलं, म्हणजे सर्वात कडक, संरक्षण तिथे काय करणार?