पाच लाखांचा विमा की तीन लाखांचा?

प्रश्न: पणजीतल्या दोन जाहिरात एजन्सींकडून ऑफर आहे. पगार सारखाच. एकीकडे ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १८ रजा, दुसरीकडे ३ लाखांचा विमा आणि २४ रजा. कुठली घेऊ?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: आकड्यावर जाऊ नका, दोघांकडून पॉलिसीचा तपशील मागवा. आधी हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा बघा. ५ लाखांवर १ टक्का असेल तर दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर भाडंच नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही बहुधा निम्माच मिळतो. मर्यादा नसलेले ३ लाख मग जास्त उपयोगाचे. आईवडील पॉलिसीत आहेत का, असल्यास त्यांच्या क्लेममध्ये पदरचे किती टक्के भरायचे, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हेही लेखी घ्या. घराजवळचं हॉस्पिटल कॅशलेस यादीत आहे ना?

रजांचं म्हणाल तर खरी मेख बदली रजेत, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळणाऱ्या रजेत असते. इफ्फीच्या (गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत रविवारी काम केलंत आणि ती ३० दिवसांत बुडत असेल, तर कागदावरच्या २४ ला काय अर्थ? चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्ट्या या २४ मधूनच कापतात का, तेही विचारा.