फौजदारी खटला चालू असलेल्या लष्करी अधिकाऱ्याला निलंबित कोण करू शकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेव्हणे सैन्यात मेजर, सुट्टीवर गावी असताना बांधावरून मारामारी, आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर कोर्टात चार्जशीट. तहसील कचेरीतले पाहुणे सांगतात, ‘४८ तास आत राहिला की आपोआप सस्पेंड.’

पाहुण्यांचा नियम खरा आहे, पण तो त्यांच्यासाठी. कर्नाटक नागरी सेवेच्या १९५७ च्या नियमांत ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन झालंच असं धरतात. केंद्राच्या १९६५ च्या नियमांतही तेच, म्हणून बेळगावच्या मराठा सेंटरमधल्या (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातल्या) सिव्हिलियन क्लार्कला ते लागतं. वर्दीतल्या मेजरला नाही. त्यांना लागतो सैन्य अधिनियम, १९५०, आणि त्यात आपोआप काही होत नाही.

गंमत अशी की निलंबनाचा अधिकार अमक्याला, असं स्पष्ट सांगणारं कलम त्या अधिनियमात नाही. निलंबन होतं हे मात्र गृहीत धरलंय. अधिकारी राष्ट्रपतींच्या मर्जीनुसार पदावर असतो (कलम १८), आणि सामान्य वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट), १८९७ चं कलम १६ सांगतं की नेमणाऱ्याला निलंबनाचाही अधिकार असतो. रोजच्या व्यवहारात निलंबन सैन्याच्या विनियमांनुसार होतं. त्यामुळे आदेश आलाच तर पहिला प्रश्न हा विचारा: सही कोणाची, आणि कुठल्या तरतुदीखाली?

खरी मेख पगाराची. कामावरून बाजूला ठेवणं वेगळं, पगार रोखणं वेगळं. दुसऱ्याला कायद्याचा आधार लागतो. तो कलम ९३ मध्ये आहे: खटल्याचा निकाल लागेपर्यंत विहित (नियमांत ठरवून दिलेला) अधिकारी पगार पूर्ण किंवा अंशतः रोखून ठेवू शकतो. कायमची कपात कलम ९० खाली, तीही त्याच गुन्ह्यात पुढे दोषी ठरले तरच. निर्दोष सुटले तर रोखलेली रक्कम मागायची, आणि लेखी मागायची.

प्रत्यक्षात निलंबनाऐवजी दुसऱ्या युनिटला अटॅच करणं किंवा डीव्ही बॅन (शिस्त-दक्षता बंदी) लावणं जास्त दिसतं. बॅनमध्ये बढती अडकते. घरचे ‘सस्पेंड झाले नाहीत’ म्हणून निर्धास्त राहतात, आणि नुकसान तिथंच होतं.

खटला साध्या कोर्टात चालणार की कोर्ट मार्शलमध्ये, हे अजून ठरायचं असू शकतं. याबाबतच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे मॅजिस्ट्रेटने सीओला (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला) नोटीस द्यायची आणि १५ दिवस आरोप निश्चित करायचे नाहीत. कोर्ट मार्शल हवं की नाही, हे सैन्य अधिनियमाच्या कलम १२५ खाली डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडचा कमांडर वगैरे ठरवतो. मेव्हणे दुसऱ्या युनिटचे असताना नोटीस मराठा सेंटरच्या पत्त्यावर गेली, तर हे दिवस फुकट जातात. वकिलाला युनिटचा नेमका पत्ता द्या. सुट्टीतली भांडणं कर्तव्यात मोडत नाहीत, त्यामुळे ‘सरकारची मंजुरी नाही’ या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका.

युनिटला मेव्हण्यांनी स्वतः, लगेच कळवायचं. कोठडीत असताना सुट्टी संपली आणि कळवलंच नाही, तर कलम ३९ चा (रजेशिवाय गैरहजेरीचा) नवा आरोप मागे लागू शकतो. बेळगावच्या स्टेशन हेडक्वार्टर्सलाही लेखी कळवून पोच घ्या. आपल्याकडे एफआयआर, चार्जशीट सगळं कन्नडमध्ये. बाहेरच्या युनिटमध्ये ते वाचणार कोण? प्रमाणित नक्कल काढा आणि इंग्रजी भाषांतर जोडूनच पाठवा.

आदेश चुकीचा वाटला तर आधी कलम २७ खाली केंद्र सरकारकडे तक्रार. उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायचं; सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. बेळगावकर सवयीने मुंबईकडे बघतात, पण कर्नाटक कोची खंडपीठाकडे आहे. मेव्हण्यांची नेमणूक दुसऱ्या राज्यात असेल तर तिथलं खंडपीठही चालतं.