मेंदूतलं दार कोण धरतं?

मुलगी दहावीला आहे. अभ्यास करताना डोक्याकडे जास्त रक्त जातं का? (तासगाव)

अख्ख्या डोक्याकडे फारसं नाही. ज्या भागाला काम लागलं, तिथे मात्र नक्की जातं. उसाला दारं धरताना आपण खोऱ्याने तहानलेल्या सरीचं दार उघडतो. मेंदूत सरी स्वतःच आपलं दार उघडते! कामाला लागलेली पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. त्यामुळे आजूबाजूला नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. हा वायू बारीक धमनीच्या भिंतीतल्या स्नायूत झिरपतो, स्नायू सैल पडतो आणि वाट रुंदावते. पोटॅशियम आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनंही हातभार लावतात. हे सगळं एक-दोन सेकंदांत सुरू होतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो 20 टक्के, आणि साठा जवळपास नाहीच. म्हणून ही घाई. रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी 1890 मध्येच लिहिलं होतं की मेंदूतली रसायनंच त्याचा रक्तपुरवठा ठरवतात. तेव्हा नायट्रिक ऑक्साइडचं हे काम कुणाला माहीतही नव्हतं. त्याचं नोबेल मिळालं 1998 साली. इतकी वर्षं शिकवतोय, तरी मला याचं नवल वाटतंच.

घाबरलं की धाप लागते, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिजन कमी पडतो का? (मिरज)

नाही. अशाच एक ताई परवा आल्या होत्या. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा 99, आणि त्या म्हणत होत्या, "डॉक्टर, हवाच पुरत नाही." भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि गरगरतं. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला लावला. थोड्या वेळात त्या सावरल्या. पण हे पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखत असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर घरी थांबू नका.

हरतालिकेला चहासुद्धा घेत नाही. दुपारी डोकं ठणकतं. (विटा)

ॲडेनोसिन हे शरीरातलंच रसायन मेंदूच्या वाहिन्या रुंदावतं, चहातलं कॅफिन त्याला अडवतं. रोजचा चहा एकदम सुटला की वाहिन्या फुलतात आणि डोकं धरतं. चार-पाच दिवस आधीपासून कप कमी करत जा.

वडील विसरायला लागलेत. रक्तपुरवठा वाढवणाऱ्या गोळ्या आणू का? (शिराळा)

स्वतःच्या मनाने आणू नका. वाहिनीचं आतलं अस्तरही नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि बीपी, शुगर, तंबाखू तेच खराब करतात. आधी बीपी, शुगर, बी-12 आणि थायरॉइड तपासा. मिश्री लावत असतील तर तीही सांगा. बहुतेक घरांत ती तंबाखूत धरतच नाहीत.