नबींचं नाव धाकासाठी नको

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र मिळालं. मुलगी सहा वर्षांची झाली, कुरआनातले छोटे सूरे (अध्याय) तोंडपाठ आहेत, चार खलिफांची नावं ती घडाघडा सांगते, पण नबींविषयी, म्हणजे पैगंबर मुहम्मदांविषयी (स.), तिला ओढ म्हणून वाटत नाही, असं तू लिहिलंस. त्याच पत्रात खाली एक वाक्य आहे : ‘डाव्या हाताने खायला लागली की मी सांगतो, नबींना हे आवडत नाही.’ घोडं इथेच अडलंय. ज्यांचं नाव फक्त आपली चूक झाली की कानावर पडतं, त्यांना कुठलं मूल जीव लावेल? महिनाभर रागावताना ते नाव घेऊच नकोस. शिस्त लावायची तर स्वतःच्या जोरावर लाव.

त्याऐवजी तिला अबू उमैरची गोष्ट सांग. हजरत अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ. त्याने एक छोटासा पक्षी पाळला होता, नुगैर. पक्षी मेला आणि पोरगं हिरमुसून बसलं. नबी (स.) त्यांच्या घरी आले, तर त्याच्याजवळ जाऊन विचारतात, ‘अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं?’ एवढंच. मदिनेचा सगळा कारभार ज्यांच्या डोक्यावर, त्यांना एका पोराच्या पाखराचं नावगाव ठाऊक! इथे थांब. ‘म्हणून आपणही…’ असं शेपूट जोडू नकोस.

सजद्याची गोष्टही अशीच. नमाज पढवताना नबींनी (स.) सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) इतका लांबवला, की मागच्यांना वाटलं काहीतरी विपरीत घडलं, किंवा वही (अल्लाहचा संदेश) उतरतेय. नंतर कळलं, नातू पाठीवर चढून बसला होता आणि त्याचं मन भरेपर्यंत त्याला उतरवणं आजोबांना बरं वाटेना. मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात. सांगत राहा, कंटाळू नकोस.

नबींचं (स.) चित्र आपण काढत नाही, त्यामुळे सगळी भिस्त शब्दांवर. इमाम तिर्मिजींच्या ‘शमाइल’मध्ये त्यांच्या दिसण्या-वागण्याची बारीकसारीक वर्णनं आहेत. त्यातलं माझं लाडकं : ते कुणाकडे वळले की नुसती मान नाही, सगळं अंग वळवून बघायचे. हे मुलीला सांगण्याआधी आठवडाभर स्वतः करून बघ. ती हाक मारेल तेव्हा मोबाइल खाली ठेवून पुरता वळ. दहा वर्षं नबींची सेवा केलेले हजरत अनस सांगतात, त्यांनी मला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटलं नाही. ही हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) मुलांना शिकवण्याची घाई आपल्याला फार. खरं तर ती आपल्यासाठी आहे.

सहाबांच्या, म्हणजे नबींच्या (स.) साथीदारांच्या गोष्टी म्हणजे नुसत्या लढाया, असं करू नकोस. हजरत बिलाल (रजि.) छातीवर दगड ठेवून छळ होत असताना ‘अहद, अहद’ (अल्लाह एकच) म्हणत राहिले, हे मोठं आहेच. पण तुझ्या मुलीला हजरत अस्मा (रजि.) जास्त जवळच्या वाटतील. ६२२ मध्ये हिजरतीच्या (नबींच्या मक्केहून मदिनेला जाण्याच्या) वेळी शिदोरी बांधायला दोरी मिळेना, तेव्हा त्यांनी आपला कमरपट्टा फाडून दोन तुकडे केले. मुलीला एखादी जुनी ओढणी दे आणि पुरचुंडी बांधायला लाव. हातांनी केलेलं विसरत नाही.

एक सावधगिरी. नबींवर (स.) रोज कचरा टाकणाऱ्या आणि त्यांनी माफ केलेल्या म्हातारीची गोष्ट तूही ऐकली असशील. फार गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण ग्रंथांत ती सापडत नाही. नबींच्या (स.) नावावर न घडलेलं खपवायचं नसतं, हेतू कितीही चांगला असला तरी, आणि उद्या मुलीला कळलं, तर बाकीच्या गोष्टींवरचाही तिचा विश्वास उडेल. क्षमाच सांगायची ना, मग ताइफ गावची गोष्ट आहे. तिथल्या लोकांचे दगड खाऊन नबी (स.) रक्तबंबाळ झाले, डोंगरांच्या फरिश्त्याने ‘यांना चिरडून टाकू का’ विचारलं, तर म्हणाले, नको, यांच्या पुढच्या पिढ्यांत अल्लाहची इबादत करणारे निघतील अशी मला आशा आहे.

ही गोष्ट मात्र ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर सांग. करबला, म्हणजे नबींच्या नातवाच्या हौतात्म्याची गोष्ट, त्याच्याही नंतर. सहा वर्षांच्या जिवाला तहान आणि तलवारी झेपत नाहीत. ताइफ ऐकून ती नक्की विचारेल, ‘ते हो का म्हणाले नाहीत?’ लगेच उत्तर देऊ नकोस. तिला काय वाटतं ते आधी विचार, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.