थाळनेरला लतादीदींच्या आजोळच्या घराचं संग्रहालय करता येईल का? काय काय करावं लागेल?

करता येईल, आणि व्हावं असं मला मनापासून वाटतं. मी धुळे जिल्ह्यात जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे बांधकामाचंही सांगतो. पण त्याआधी महत्त्वाचं: त्या घरात जे घडलं, तेच तिथे दाखवा. पुरस्कारांच्या प्रतिकृती, रेकॉर्डिंग स्टुडिओचा देखावा, मोठा पुतळा यांचं थाळनेरला काही काम नाही. ते मुंबईला शोभेल.

थाळनेर हे दीदींच्या आई माई मंगेशकरांचं माहेर. त्यांचे वडील हरिदास लाड हे गुजराती शेठ. लहानपणी दीदी आजीकडून पावागडचे गरबे शिकल्या. म्हणजे वडिलांकडून शास्त्रीय गाणं आणि आजोळी बायकांचं गाणं, असे दोन्ही संस्कार त्या गळ्यावर झाले. दीनानाथांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आजीबद्दल दोन ओळींच्या पुढे कोणी जात नाही. थाळनेरचं संग्रहालय त्या आजीचं असलं पाहिजे. म्हणून पैसे जमवायच्या आधी शिरपूर भागातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जा. गुजराती घरांतले गरबे, अहिराणी ओव्या, लग्नातली गाणी, जे आठवेल ते त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. भिंत पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, हे काम मात्र लांबवता येणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँगचं घर आहे. १९४३ पासून १९७१ मध्ये वारेपर्यंत तो तिथे राहिला. २००३ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं. सामान जसंच्या तसं आहे, आणि त्याने घरीच टेप केलेला त्याचा आवाज खोल्यांमधून ऐकवतात. अमेरिकन गायिका नीना सिमोनचं लहानपणचं घर तर जेमतेम तीन खोल्यांचं. २०१७ मध्ये चार कलाकारांनी मिळून ते विकत घेऊन वाचवलं. जर्मनीत बॉनला बीथोव्हेनचं जन्मघर १८८९ मध्ये गावातल्या बारा जणांनी संस्था काढून वाचवलं. सरकारची वाट बघत बसू नका म्हणतो, ते यासाठी.

कागदपत्रांत पहिला ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा उतारा, काढा. घर आज कोणाच्या नावावर आहे ते कळल्याशिवाय आणि मालकाची लेखी संमती मिळाल्याशिवाय एक वीटही हलवू नका. मग धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंदणी.

आता बांधकाम. घर माती-सागाचं उरलं असेल तर आधी धाबं धरा. पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकून, चोपून, पन्हाळ मोकळे करा. धाबं गळलं की पाणी सऱ्यांत (छपराखालच्या लाकडी तुळयांत) मुरतं, लाकूड कुजतं, वाळवी लागते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कोणी कितीही सुचवला तरी लावू देऊ नका. जोत्यातून चढलेली ओल त्यामागे कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. माती किंवा चुन्याचाच गिलावा हवा. सागाला ऑइल पेंट फासू नका. चांगली घरं मी याच दोन गोष्टींनी बिघडलेली पाहिली आहेत, जीव तुटतो.

आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. पारा पंचेचाळिशीला टेकतो. जुन्या लाखेच्या तबकड्या त्यात वाकतात, म्हणून त्या आडव्या रचू नका, थंड खोलीत उभ्या ठेवा. तंबोरा असेल तर तारा सैल करून ठेवा. एसी दिवसा लावायचा आणि रात्री बंद करायचा, हे तर लाकडाला आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला फारच वाईट. जाड मातीची भिंत आणि बंद कवाडं पुष्कळ काम करतात.

आत गाणी वाजवणार असाल तर हक्कांचं बघा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, पण चाल आणि शब्द यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेल्या पारंपरिक गरब्यांना ही अडचण नाही, फक्त गाणाऱ्या बाईंची परवानगी घ्या.

सुरुवात करण्याआधी एकदा जळगावला चौधरी वाड्यातलं बहिणाबाईंचं घर बघून या. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू कशा मांडतात ते तिथे कळेल.